खाज आहे, पण कशाची?

औषधाच्या दुकानात जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की ट्यूब मिळते. कुठे खाजतंय, किती दिवसांपासून, घरात आणखी कुणाला आहे का, यातलं काही विचारलं जात नाही. ट्यूब लावली की दोन दिवसांत बरं वाटतं आणि महिन्याभरात तेच दुखणं दुप्पट जागा व्यापून परत येतं. मग शेजारी दुसरी ट्यूब सुचवतात, मेव्हण्याला तिसरी लागू पडलेली असते. त्वचारोगतज्ज्ञांकडे येणारे कितीतरी पेशंट अशा अर्धवट पिळलेल्या ट्यूब पिशवीत घालूनच येतात, आणि तोवर मूळ आजाराचा चेहरा ओळखू न येण्याइतका बदललेला असतो.

ताप जसा मलेरियाचाही असतो आणि टायफॉइडचाही, तशी खाज नायट्याची असते, खरजेची असते, इसबाची असते आणि कधीकधी लिव्हरच्या किंवा किडनीच्या आजाराचीही असते. सहा आठवड्यांच्या वर टिकलेल्या खाजेला डॉक्टर जुनाट खाज म्हणतात. तिथे पहिला प्रश्न ‘काय लावू?’ हा नसतो, ‘हे आहे काय?’ हा असतो. याबाबतीतले बहुतेक गैरसमज हा प्रश्न वगळल्यामुळेच तयार झाले आहेत.

‘ट्यूबने लगेच फरक पडला, म्हणजे औषध बरोबर आहे’

सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीने केलं आहे. जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत किंवा स्तनांखाली येणारे गोल, कडेने लाल आणि मधे निवळलेले चट्टे म्हणजे बहुधा नायटा, ज्याला आपण गजकर्णही म्हणतो. तो बुरशीमुळे होतो. दुकानातून सहज मिळणाऱ्या अनेक ‘मिक्स’ मलमांत बुरशीनाशकासोबत क्लोबेटासोलसारखं अत्यंत तीव्र स्टिरॉइड आणि वर एखादं अँटिबायोटिक घातलेलं असतं. स्टिरॉइड त्वचेचा दाह दाबतं, त्यामुळे खाज आणि लाली झटक्यात कमी होते. पण दाह ही शरीराची बुरशीविरुद्धची लढाई असते. ती थांबली की बुरशीला रान मोकळं मिळतं. चट्टा पसरतो, त्याची ओळखीची कड पुसट होते, आतल्या आत नवी वर्तुळं उमटतात. मलम थांबवलं की खाज उसळून येते, म्हणून माणूस पुन्हा तेच मलम लावतो. काही महिन्यांत जांघेतली कातडी पातळ होऊन तिथे रुंद, लालसर-पांढरे ओरखड्यांसारखे पट्टे उमटतात. नायटा पुढे बरा झाला तरी ते पट्टे जात नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण विशीतली मुलंमुली हे पट्टे जन्मभरासाठी अंगावर घेतात आणि त्यांना आधी कुणीही सावध केलेलं नसतं.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कायदा आहे. काउंटरवर तो किती पाळला जातो, हे आपण सगळेच जाणतो.

नायटा ओळखण्याची एक तपासणी इतकी साधी आणि स्वस्त आहे की ती होत नाही याचं वाईट वाटतं. चट्ट्याच्या कडेवरून बोथट ब्लेडने थोडा कोंडा खरवडून काचेच्या पट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि थोडा वेळ थांबायचं. त्वचेच्या पेशी विरघळतात, बुरशी विरघळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फांद्या फुटलेले लांब धागे स्पष्ट दिसतात. सुई नाही, रक्त नाही, दुखणं नाही.

आता उपचारही पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाहीत. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांमध्ये सापडलेल्या बुरशीच्या एका वेगळ्या जातीला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए’ असं नाव दिलं. टर्बिनाफिन हे वर्षानुवर्षं हमखास चालणारं औषध तिच्यापुढे अनेकदा निष्प्रभ ठरतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. त्यामुळे शेजाऱ्याला जी गोळी आठवडाभरात लागू पडली, ती तुम्हाला महिनाभर घेऊनही पडणार नाही, असं होऊ शकतं. उपचार बहुधा कित्येक आठवडे चालतात आणि चट्टे दिसेनासे झाल्यावरही काही दिवस चालू ठेवावे लागतात. घरातल्या ज्याला ज्याला चट्टे आहेत, त्या सगळ्यांचा इलाज एकदम व्हायला हवा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. घट्ट जीन्स काही महिने कपाटात. आणि पावसाळ्यात, जेव्हा मुंबईत-कोकणात दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, तेव्हा दमट आतले कपडे अंगावर चढवू नका. इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करा आणि मगच घाला.

‘स्टिरॉइड म्हणजे विषच, मुलाला अजिबात लावणार नाही’

वरचं वाचून कुणी असं ठरवेल, म्हणून लगेच दुसरी बाजू सांगायला हवी. नायट्यावर घात करणारं हेच औषध इसबावर उपकार करतं. लहान मुलांच्या गालांवर, मोठेपणी कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खळग्यांत येणारं, कोरडं, खाजरं, रात्री झोप उडवणारं इसब बुरशीमुळे होत नाही आणि एकाचं दुसऱ्याला लागतही नाही. त्यात त्वचेचा वरचा संरक्षक थरच मुळात कच्चा असतो. २००६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की अशा बऱ्याच रुग्णांमध्ये फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. त्यामुळे त्वचेतला ओलावा बाहेर निसटतो, बाहेरचे त्रासदायक घटक आत शिरतात आणि दाह सुरू होतो.

अशा मुलाला योग्य तीव्रतेचं स्टिरॉइड मलम, योग्य जागी, ठरावीक दिवस लावणं सुरक्षित आहे. भीतीपोटी ते टाळलं तर मूल रात्ररात्र खाजवतं, कातडी फुटते, त्यात जंतूंचा संसर्ग होतो. किती लावायचं यासाठी डॉक्टर एक सोपं माप देतात: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल इतकं मलम म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ते दोन पूर्ण तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. चेहऱ्यावर आणि पापण्यांवर टॅक्रोलिमससारखी स्टिरॉइड नसलेली मलमंही चालतात.

खरा पाया मात्र मॉइश्चरायझर. अंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात आटोपून, अंग टिपून घ्यायचं आणि ते ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत भरपूर मॉइश्चरायझर लावायचं. खोबरेल तेलही अनेकांना मानवतं. उलट कडक जंतुनाशक साबण, पाण्यात अँटिसेप्टिक टाकून अंघोळ आणि अंग घासणं हे सगळं त्या कच्च्या थराला आणखी खरवडतं. ‘स्वच्छता कमी पडली’ असं वाटून आया मुलाला जास्त घासतात, आणि इसब वाढतं. त्या माउलीला दोष देण्यात अर्थ नाही, तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

‘आमच्या घरात खरूज? शक्यच नाही’

खरूज अस्वच्छ माणसांना होते, हा समज इतका घट्ट आहे की लोक निदान ऐकून दुखावतात. ती एका सूक्ष्म किड्यामुळे होते. मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते आणि त्वचेच्या वरच्या थरात बोगदा खणून त्यात अंडी घालते. तिला तुमच्या साबणाशी देणंघेणं नाही. एका अंथरुणात झोपणं, मूल कडेवर घेणं, हातात हात बराच वेळ असणं एवढं तिला पुरतं. वसतिगृहं, आश्रमशाळा, वृद्धाश्रम आणि एका खोलीत पाच-सहा जण झोपणारी घरं यांत म्हणूनच ती झपाट्याने पसरते. २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटना खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांमध्ये गणते.

रात्री अंथरुणात वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, जननेंद्रियांवर बारीक पुळ्या आणि घरात एकाहून जास्त जण खाजवत असणं, एवढं दिसलं की आधी खरजेचा विचार करावा. बेचक्यात भिंग धरून पाहिलं तर काही जणांत पाच-सहा मिलिमीटरची नागमोडी करडी रेघ दिसते. तोच तो बोगदा.

इलाज फसतो तो औषधामुळे क्वचितच, वापरण्याच्या पद्धतीमुळे जास्त. पर्मेथ्रिन मलम फक्त पुळ्यांवर लावून चालत नाही. मोठ्या माणसाने ते मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, नखांखाली, बेंबीत, बेचक्यांत, कुठेही जागा न सोडता रात्री लावायचं, आठ ते चौदा तास ठेवून धुवायचं आणि आठवड्याने पुन्हा लावायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो. कारण पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि ‘मला काही नाही’ म्हणणाऱ्या आजोबांकडून ती नातवाला परत मिळते. अंथरूण-पांघरूण, कपडे गरम पाण्यात धुवा. धुता येत नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. लहान बाळं आणि गरोदर बायकांचा इलाज मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आणि एक गोष्ट आधीच माहीत असावी: किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे टिकते. ती मेलेल्या किड्यांच्या अवशेषांची ॲलर्जी असते. ‘गेलं नाही’ असं समजून लोक रोज मलम चोपडतात आणि त्यानेच कातडी जळजळायला लागते.

‘अंगावर पित्त उठलंय, ॲसिडिटीची गोळी घे’

अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या गांधींचा पोटातल्या आम्लाशी संबंध नाही. त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, त्याने लाल, फुगीर, खाजऱ्या गांधी येतात. एक गांध साधारण चोवीस तासांच्या आत मागमूस न ठेवता जाते, दुसरीकडे नवी येते. आमसुलाचं पाणी लावून बरं वाटतं ते खोटं नाही, गारव्याने खाज शमतेच. पण आजार त्याने जात नाही.

सहा आठवड्यांहून जास्त चाललेल्या पित्तात खाण्यातली ॲलर्जी क्वचितच सापडते. तरीही हजारो रुपयांच्या ॲलर्जी पॅनेलच्या तपासण्या करून घेतल्या जातात आणि मग दूध, अंडी, शेंगदाणे, मासे सगळं बंद होतं. बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारशक्तीच त्या पेशींना चिथावत असते. काहींमध्ये सोबत थायरॉइडचा आजार असतो. झोप न आणणाऱ्या नव्या अँटिहिस्टामिन गोळ्या रोज नियमाने घ्यायच्या, गांधी उठल्यावरच नव्हे. गरज पडल्यास डॉक्टर डोस चौपटीपर्यंत वाढवतात, त्यानेही भागलं नाही तर ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन आहे. अनेकांचं पित्त काही वर्षांत आपोआप शमतं. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर मात्र गोळीची वाट न पाहता दवाखाना गाठा.

‘रक्त खराब झालंय, उष्णता बाहेर पडतेय’

या एका वाक्याखाली दहा वेगळे आजार झाकले जातात. मग वांगं बंद, आंबट बंद, रक्तशुद्धीचे काढे सुरू. नायटा आणि खरूज यांचा आहाराशी काही संबंध नाही. तीव्र इसब असलेल्या काही तान्ह्या मुलांना एखादा पदार्थ खरोखर बाधतो, पण तो तपासून ठरवायचा असतो. अंदाजाने दूध-अंडी तोडली तर मुलाची वाढ खुंटते.

‘उष्णते’चं सर्वांत बोलकं उदाहरण गाजर गवताचं आहे. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्ष वेधून घेतलेलं हे तण आज बांधाबांधावर आहे. त्याचे कण हवेतून उडून चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या घडीत बसतात आणि शेतकऱ्याची कातडी जाड, काळपट, भेगाळलेली होते. तो उन्हाला दोष देतो. खरं कारण पॅच टेस्टने कळतं: संशयित पदार्थांच्या बारीक चकत्या पाठीवर चिकटवायच्या, दोन दिवस भिजवायच्या नाहीत, मग काढून कुठे लाल उठलं ते पाहायचं आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहायचं. टिकलीचा डिंक, केसांचा काळा रंग, नकली दागिन्यांतलं निकेल, गवंड्याच्या हातावरचं सिमेंट हे गुन्हेगार याच तपासणीत सापडतात. खाजेवर बिब्बा घालणं मात्र कृपा करून थांबवा. त्याच्या तेलाने कातडी भाजते.

‘अंगावर काही दिसत नाही, म्हणजे मनाचे खेळ’

पुरळ नसताना आठवडेच्या आठवडे सगळं अंग खाजत असेल तर त्या माणसाला वेड्यात काढू नका. म्हातारपणी कातडीचा कोरडेपणा हे कारण सर्वांत सामान्य, आणि ते तेला-मॉइश्चरायझरने सुटतं. नाहीच सुटलं, तर रक्ताचा काउंट, साखर, लोह, थायरॉइड, लिव्हर आणि किडनी एवढ्या तपासण्या व्हायला हव्यात. पित्तमार्गातला अडथळा, किडनी निकामी होणं, क्वचित लिम्फोमासारखा कर्करोग यांची पहिली खूण नुसती खाजच असू शकते. डायलिसिसवरच्या कित्येक रुग्णांना ती छळते आणि त्यांच्यासाठी वेगळी औषधं आहेत.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपाय पुरळाविना खाजत असतील, विशेषतः रात्री, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. लिव्हरमधून पित्त नीट न वाहिल्याने असं होतं आणि पोटातल्या बाळाला धोका असतो. ‘पोट ताणलंय म्हणून खाजतंय’ असं घरातल्या मोठ्या बायका सांगतील. तरीही बाइल ॲसिडची तपासणी करून घ्याच.

डॉक्टरकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जा, ओशाळू नका. गांधी उठतात आणि जातात, म्हणून त्या मोबाइलवर टिपून ठेवा. खाजगी त्वचातज्ज्ञाची फी परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो, तिथे केसपेपर काढा. आणि पुढच्या वेळी काउंटरवर ‘खाजेची ट्यूब’ मागण्याआधी थांबा. खाज कशाची आहे हे कळल्याशिवाय अंगाला काहीही लावू नका.