शाळा कुरणात गेली, विद्यापीठ कुठे जाईल?

१९४५ सालच्या मे महिन्यात, २३ तारखेला, झरी गावी पाच हजारांच्या आसपास वारली जमले. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं, आज तलासरीत आहे. जमीनदाराकडे फुकट राबायचं नाही, असं ठरवून ती माणसं घरी गेली. त्या सभेमागे गोदावरी परुळेकर होत्या. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, समुद्राकडच्या बाजूला, बोर्डीत ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. दोघींचे रस्ते वेगळे. पण शिकवायला निघालेल्या माणसाने आधी समोरच्याच्या दारात जाऊन बसायचं असतं, हे दोघींनाही या एकाच पट्ट्यात उमगलं. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे गोदावरीबाईंचं पुस्तक अनेकांनी वाचलेलं असतं. ताराबाईंचं बोर्डीतलं, पुढे कोसबादचं काम मात्र ‘बालवाडीचं काम’ म्हणून बाजूला ठेवलं जातं. मला ते उच्च शिक्षणाच्या चर्चेत आणायचं आहे.

ताराबाई बोर्डीत आल्या तेव्हा त्यांच्यामागे मोठा अनुभव होता. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत त्यांनी गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं होतं, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला होता, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं होतं. पद्धत माँटेसोरीची. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं होतं, पण त्यांची साधनं पुढे महाग होत गेली. गुलाबी मनोरा, घोटीव लाकडाचे ठोकळे, मोजून-मापून केलेल्या पट्ट्या हे सगळं वारली पाड्यावर कुठून आणणार? मग शंख-शिंपले, चिंचोके, गोटे, पानं, बिया आणि बांबूचे तुकडे आले. ही तडजोड होती असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. चिंचोका मुलाच्या हाताला आधीपासून माहीत असतो. त्याने मोजायला शिकणारं मूल ओळखीच्या वस्तूकडून अनोळखी संख्येकडे जातं.

खरा पेच पुढे आला. मुलं येईनात. थोरली मुलं धाकट्यांना कडेवर घेऊन असायची, त्याहून मोठी गुरं राखायला जायची. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी याचा दोष आईबापांना दिला नाही. त्यांनी शाळेची जागा आणि वेळ बदलली. पाड्यावरच्या एखाद्या अंगणात मुलं गोळा करून त्यांना धुवायचं, केस विंचरायचे, गाणी, गोष्टी, खेळ घ्यायचे. ही अंगणवाडी. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवली, म्हणजे कडेवरचं भावंड पाळणाघरात आणि ताई शाळेत, ही विकासवाडी. आणि गुराख्यांसाठी गुरांच्या मागे कुरणात जाणारी शाळा, ती कुरणशाळा. १९५७ मध्ये केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेलं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. तेराव्या वर्षी लग्न आणि लगेच वैधव्य वाट्याला आलेल्या अनुताई १९९२ पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, या कामात होत्या.

आता विद्यापीठांकडे वळतो. व्याख्यानाची रीत फार जुनी. छापखाना नव्हता तेव्हा युरोपात ग्रंथाची प्रत एकट्या गुरुजींकडे असायची. ते वाचायचे, बाकीचे ऐकायचे. पुस्तकं स्वस्त झाली तरी रीत राहिली. १८१० मध्ये बर्लिनला विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या कल्पनेतून विद्यापीठ उभं राहिलं. शिकवणं आणि संशोधन वेगळं ठेवायचं नाही, ही त्यामागची धारणा. मग जर्मनीत ‘सेमिनार’ रुजलं: विद्यार्थी एकाच मजकुराभोवती बसतात आणि प्राध्यापकासमोर आपलं म्हणणं मांडतात. ऑक्सफर्डमध्ये आठवड्याला निबंध लिहून एक-दोघांनी शिक्षकासमोर बसायचं, त्या निबंधाची चिरफाड ऐकायची. कॅनडात हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू करताना शरीररचनेच्या व्याख्यानांऐवजी रुग्णाच्या अडचणीपासून सुरुवात केली. लहान गट, समोर एक प्रश्न, आणि त्यासाठी लागेल ते शोधून काढायचं.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची गोष्ट मला विशेष आवडते. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत होते, पण बलाबद्दलचा साधा प्रश्न विचारला की अडखळत. १९९० च्या सुमारास त्यांनी वर्गाची घडी मोडली. प्रश्न ठेवायचा, प्रत्येकाने मनाशी उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचं, आणि पुन्हा उत्तर द्यायचं. नुकतंच समजलेल्या मुलाला शेजाऱ्याचं कुठे अडलं आहे ते नेमकं आठवत असतं; प्राध्यापकाला ते विसरून वर्षं झालेली असतात. २०१४ मध्ये विज्ञान-गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गात नापास होणारे सुमारे ३४ टक्के, मुलांना करायला-बोलायला लावणाऱ्या वर्गात सुमारे २२ टक्के.

मुंबई विद्यापीठाची घडण मात्र वेगळी. १८५७ मध्ये ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं, आणि तेव्हाचं लंडन विद्यापीठ शिकवत नव्हतं, परीक्षा घेत होतं. शिकवायचं महाविद्यालयांनी, तपासायचं विद्यापीठाने. १८६२ मध्ये रानडे आणि भांडारकर या विद्यापीठाचे पहिल्या तुकडीचे पदवीधर झाले, म्हणजे त्या साच्यातूनही मोठी माणसं घडली. विद्यापीठाने पुढे स्वतःचे विभाग काढले, पण संलग्न महाविद्यालयात परीक्षेचं वजन तसंच राहिलं. नोट्स, ‘आय एम पी’ प्रश्न, गाईड आणि शेवटच्या महिन्यातली धावपळ, हे सगळं त्या वजनाखाली आलेलं आहे.

तलासरीत आज कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर यांच्या नावाचं महाविद्यालय आहे, मुंबई विद्यापीठाशी संलग्न. २०११ च्या जनगणनेनुसार या तालुक्यात दर दहा माणसांत नऊ आदिवासी. घरातली कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच मुलगी वर्गात बसते, तेव्हा तिच्या घरची बोली वारली, बाजारात गुजराती कानावर पडते, शाळा मराठीत झालेली, आणि संदर्भपुस्तकं बरीचशी इंग्रजीत. ती गप्प बसते. तिला येत नाही असा त्याचा अर्थ लावला जातो. बोर्डीत मुलं शाळेत आली नाहीत तेव्हा ताराबाईंनी तसा अर्थ लावला नव्हता. मझूरचा शेजाऱ्याशी बोलण्याचा उपाय इथे बिनखर्ची आहे: दोघींनी आपल्या बोलीत आधी वाद घालायचा, मग मराठीत सांगायचं. ज्या वर्गात ऐंशी मुलं आणि एकच प्राध्यापक, तिथेही हे जमतं.

घरची बोलीच नव्हे, घरचं ज्ञानही अभ्यासक्रमात येऊ शकतं. नॉर्वेच्या उत्तरेला कौटोकेइनोत १९८९ पासून सामी लोकांची उच्चशिक्षण संस्था आहे. तिथे सामी भाषेत शिकवतात. रेनडिअर पाळणं आणि ‘दुओज्जी’, म्हणजे सामी हस्तकला, हे तिथे पदवीचे विषय आहेत. न्यूझीलंडमध्ये १९८० च्या दशकात माओरी लोकांनी ‘वानांगा’ उभ्या केल्या आणि पुढे सरकारने त्यांना मान्यता दिली. तिथे कोरीवकाम आणि वंशावळ हा अभ्यासक्रमाचा भाग आहे.

डहाणूत याला तोड आहे. वारल्यांच्या लग्नघरी भिंतीवर चौक लिहिला जातो. गेरूवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने, मध्ये पालघट देवी. लिहिणाऱ्या सवाशिणी, गाणारी धवलेरी. लहान मुली शेजारी बसून बघतात, मग एखादी ओळ भरतात. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७० नंतर ही चित्रं कागदावर आणली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांनी त्यांच्याबरोबर काम केलं. जगाने ही कला शिकण्याजोगी मानली, पण ती शिकवण्याची रीत आमच्या अभ्यासक्रमात दिसत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीत क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक दिले आहेत. बरेच प्रकल्प इंटरनेटवरून उतरवून स्पायरल बाइंडिंग करून जमा होतात, हे दुःख आहे. मला एक प्रकल्प दिसतो. तलासरीची बी. ए. ची मुलगी आपल्या पाड्यावर जाते. आजीकडून भाताच्या वाणांची नावं, झरीच्या सभेची ऐकीव हकिगत आणि लग्नातलं गाणं टिपून घेते. हकिगत मराठीत लिहिते, गाणं वारलीतच ठेवते. तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षकांना गाण्यातला एखादा शब्द अडला, तर ती आजीला वर्गात बोलावते. आजीला त्या दिवशी खुर्ची द्यावी, आणि तिचं मानधन विद्यापीठाने द्यावं.