मुक्या जिवांचे तज्ज्ञ वैद्य

मनुष्य आजारी पडला म्हणजे वैद्य त्याच्या खाटेजवळ बसून प्रथम विचारतो, 'काय होतें? कोठें दुखतें? केव्हांपासून?' रोगाचें अर्धें निदान अशा रीतीनें रोग्याच्या तोंडूनच होतें. परंतु बैलानें, शेळीनें किंवा पिंजऱ्यांतील राघूनें आपलें दुखणें कोणाला व कसें सांगावें? पशुवैद्याची पहिली अडचण ही. दुसरी याहून मोठी आहे. मनुष्यवैद्याला एकाच जातीचा देह जाणावा लागतो. पशुवैद्याच्या दारीं नाना जातींचे देह येतात. गाईच्या पोटाचे कप्पे चार. घोड्याला जठर एकच, आणि त्याला ओकारीहि काढतां येत नाहीं. कोंबडीला तर दांतच नाहींत, म्हणून ती खडे गिळून पोटांत दाणे दळते. औषधांचेंहि तसेंच आहे. तापांत पॅरासिटॅमॉलची गोळी आपण सहज घेतों. तीच मांजराच्या पोटांत गेली तर त्याच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति नष्ट होऊन तें प्राणास मुकूं शकतें. एकाला तारणारें औषध दुसऱ्याला मारतें, हा पशुवैद्यकाचा पहिला धडा होय.

एवढें अफाट ज्ञान एका मनुष्याच्या आवांक्यांत येणें कठीण. म्हणूनच मनुष्यवैद्यकाप्रमाणें पशुवैद्यकांतहि निरनिराळ्या शाखांचे तज्ज्ञ निर्माण झाले आहेत. हे तज्ज्ञ कसे तयार होतात आणि त्यांच्या विद्येचा समाजास काय उपयोग होतो, याचा थोडासा विचार येथें करावयाचा आहे.

युरोपांत पशुवैद्यकाची पहिली शाळा क्लोद बुर्जला या फ्रेंच गृहस्थानें १७६१ सालीं राजाज्ञा मिळवून लियों शहरीं स्थापन केली. आपल्या प्रांतांत मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. आज तें नागपूर येथील पशुविज्ञान विद्यापीठाशीं जोडलेलें आहे. सध्यां बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच. ही पदवी मिळविण्यास साडेपांच वर्षें लागतात, व त्यांपैकीं शेवटचें एक वर्ष प्रत्यक्ष कामाच्या अनुभवांत जातें. एवढें झालें म्हणजे विद्यार्थी सर्व जनावरांचा सामान्य वैद्य झाला. ज्याला तज्ज्ञ व्हावयाचें आहे त्यानें पुढें एक शाखा निवडून एम्. व्ही. एस्सी. साठीं आणखी दोन वर्षें अभ्यास करावा व संशोधन करून प्रबंध लिहावा. आणि त्याहि पलीकडे जाणाऱ्यानें पीएच्. डी. साठीं निदान तीन वर्षें खर्चावीं. अमेरिकेंतील मार्ग थोडा निराळा आहे. तेथें पदवीनंतर बहुधा एक वर्ष उमेदवारी, मग सुमारें तीन वर्षें अनुभवी तज्ज्ञांच्या हाताखालीं काम, आणि शेवटीं त्या शाखेच्या मंडळाची कठीण परीक्षा असा क्रम असतो.

शाखा पुष्कळ आहेत. शल्यतज्ज्ञ मोडलेलें हाड सांधतो, चाऱ्याबरोबर म्हशीच्या पोटांत गेलेला खिळा काढतो. प्रसूतितज्ज्ञ अडलेल्या गाईची सुटका करतो. कोणी डोळ्यांचा, कोणी कातडीचा, कोणी हृदयाचा जाणता, तर कोणी वन्य पशुपक्ष्यांचा. यांचें काम लोकांना दिसतें. परंतु असेहि कांहीं तज्ज्ञ आहेत कीं, त्यांचा मुक्काम बहुधा प्रयोगशाळेंत असतो. विकृतिशास्त्रज्ञ मेलेल्या प्राण्याचें शव उघडून मरणाचें कारण शोधतो. सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ जंतु ओळखतो. विषशास्त्रज्ञ विषाचा माग काढतो. यांची किंमत केवढी आहे, हें पुढील हकीकतीवरून कळेल.

गांवाबाहेर ढोर पडलें कीं थोड्याच वेळांत आकाशांत गिधाडें घिरट्या घालूं लागत, आणि पाहतां पाहतां केवळ सांगाडा उरे, हें दृश्य आपल्या वाडवडिलांच्या नित्याच्या परिचयाचें होतें. १९९० नंतरच्या दहा वर्षांत गिधाडें दिसेनाशीं झालीं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभु प्रकाश यांनीं भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत केलेल्या गणतीमुळें या संकटाकडे जगाचें लक्ष गेलें. पांढऱ्या पाठीचीं गिधाडें १९९२ सालीं जेथें हजार होतीं, तेथें २००७ सालीं एकच उरलें, असा हिशेब आहे. पडलेलीं ढोरें जागींच कुजूं लागलीं, भटक्या कुत्र्यांना आयतें अन्न मिळालें, आणि मुंबईच्या मलबार टेकडीवरील पारशी बांधवांचा अंत्यविधीचा प्राचीन परिपाठहि अडला.

कांहीं साथ आली असावी, असें पुष्कळांस वाटलें. लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्यानें, जो सूक्ष्मजंतुशास्त्राचा तज्ज्ञ होता, आपल्या सहकाऱ्यांसह पाकिस्तानांतील पंजाबांत मेलेलीं गिधाडें तपासण्यास प्रारंभ केला. शव उघडतांच बहुतेकांच्या हृदयावर, यकृतावर व मूत्रपिंडांवर चुन्यासारखा पांढरा थर आढळे. हा थर युरिक आम्लाचा. पक्ष्यांच्या देहांतील टाकाऊ नायट्रोजन याच रूपानें मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो. तो देहांत सांचला, याचा अर्थ मूत्रपिंडें बंद पडलीं. पण तीं कशानें बंद पडलीं? रोगजंतु शोधले, मिळाले नाहींत. शिसें, पारा इत्यादि धातु पाहिले, पिकांवरील कीटकनाशकें पाहिलीं. त्यांचाहि दोष दिसेना. तेव्हां त्यांनीं निराळाच प्रश्न केला: गिधाडाचें अन्न म्हणजे मेलेलें ढोर; त्या ढोराला मरणापूर्वीं कोणतें औषध दिलें होतें?

औषधविक्रेत्यांकडे चौकशी करतां एक नांव पुढें आलें, डायक्लोफेनॅक. सूज व वेदना कमी करणारें हें स्वस्त औषध लंगड्या बैलाला, कांस सुजलेल्या म्हशीला सर्रास दिलें जात असे. ज्या २५ गिधाडांच्या अंगांत तो पांढरा थर होता, त्या पंचविसांच्याहि देहांत हें औषध सांपडलें. ज्या १३ मध्यें थर नव्हता, त्यांपैकीं एकांतहि तें नव्हतें. पुढें, रानांत परत सोडण्याजोगीं नसलेलीं कांहीं गिधाडें पाळून त्यांना हें औषध दिलेल्या जनावरांचें मांस खाऊं घातलें, तेव्हां त्यांतील पुष्कळ त्याच लक्षणांनीं मेलीं. २००४ सालीं हा शोध 'नेचर' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्यानंतर मेलॉक्सिकॅम हें औषध गुरांना गुणकारी व गिधाडांना निर्धोक असल्याचें प्रयोगांनीं ठरलें. या कामांत बरेलीजवळील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचाहि भाग होता. २००६ सालीं हिंदुस्थान सरकारनें गुरांसाठीं डायक्लोफेनॅक बनविण्यास मनाई केली.

या हकीकतींत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्या पशुवैद्यानें बैलाला तें औषध टोंचलें तो कांहीं दुष्ट नव्हता. बैलाची वेदना दूर व्हावी एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती सफळहि झाली. उणीव दयेची नव्हती, ज्ञानाची होती. आणि ती भरून निघण्यास अनेक वर्षें एकाच विषयाला वाहून घेतलेल्या माणसांची गरज पडली. तोंपर्यंत उशीर बराच झाला होता. गिधाडाची मादी वर्षांतून एकच अंडें घालते. त्यामुळें जें दहा वर्षांत गेलें, तें परत येण्यास कित्येक पिढ्या लागतील.

परमेश्वरानें मनुष्याला इतर प्राण्यांवर अधिकार दिला आहे, असें आपण प्रार्थनामंदिरांत ऐकतों. अधिकार आला कीं जबाबदारीहि आली, आणि ती पार पाडण्यास कळवळ्याबरोबर विद्याहि पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांना मुक्या जिवांविषयीं प्रेम वाटतें, त्यांनीं 'गुरांचा डॉक्टर' हा शब्द हलका न मानतां या विद्येचा अवश्य विचार करावा. गोठ्यांतील गाईपासून आकाशांतील गिधाडापर्यंत सर्वांना तिची गरज आहे.