शपथपत्र वाचायला शिकवूया!

बारावीच्या मुलांसोबत मी निवडणुकीआधी एक तास घेतो. हातात प्रचाराचं पत्रक नसतं, उमेदवाराचं शपथपत्र असतं. नमुना २६. अर्जासोबत ते भरावंच लागतं आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतं. आयोगाच्या ॲपवरही मिळतं.

हा हक्क सहज मिळालेला नाही बरं का. अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी पुढाकार घेऊन स्थापलेली 'एडीआर' ही संस्था कोर्टात गेली, म्हणून २००२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. २०१३ मध्ये न्यायालयाने आणखी बजावलं: रकाना कोरा सोडायचा नाही. 'निरंक' तर निरंक, पण लिहायचं.

मुलं आधी गुन्ह्यांचा रकाना उघडतात आणि 'तीन केसेस!' म्हणून ओरडतात. मग आम्ही कलमं वाचतो. जुन्या भारतीय दंड संहितेचं १४३ म्हणजे बेकायदा जमाव; आंदोलनात बसलेल्यांवरही ते लागायचं. ४२० म्हणजे फसवणूक. दोन्हींना एकाच तराजूत कसं तोलणार? शिवाय खटला प्रलंबित आहे की शिक्षा झालीय, हेही वेगवेगळं लिहिलेलं असतं.

मला सगळ्यात आवडतो तो मालमत्तेचा भाग. त्याच उमेदवाराचं पाच वर्षांपूर्वीचं शपथपत्र शेजारी ठेवायचं. जमीन, दागिने, कर्ज, पाच वर्षांचं आयकर विवरणातलं उत्पन्न, जोडीदाराच्या नावावर काय, सगळं ओळीने जुळवायचं. वाढ दिसली की लगेच आरोप करायचा नाही, प्रश्न लिहून ठेवायचा. उमेदवार गल्लीत आला की तोच विचारायचा.

मत कुणाला द्यायचं, हे मात्र मी कधीच सांगत नाही.