छोट्या गटाच्या व्हिडिओ गेम प्रकल्पातील यूजर इंटरफेसची रचना : मराठी भाषेच्या संदर्भात

प्रस्तावना

खेळ आणि खेळणारा यांच्यातील संवादाचे माध्यम म्हणजे इंटरफेस होय. शिल्लक शक्ती दाखविणारी पट्टी, गुण, बटणे, सूचना व मेनू या सर्वांचा त्यात समावेश होतो. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० मध्ये प्रकाशित झाला. त्यावरून मोजक्या माणसांचा गटही दर्जेदार खेळ घडवू शकतो, हे स्पष्ट झाले. अहिल्यानगरमधील सावेडीसारख्या उपनगरातील तीन-चार विद्यार्थ्यांनी मराठी खेळ तयार करावयाचे ठरविल्यास त्यांनी इंटरफेसचा विचार कसा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

माहितीची निवड

छोट्या गटाजवळ वेळ व मनुष्यबळ मर्यादित असते. म्हणून 'पडद्यावर काय दाखवावे' यापेक्षा 'काय दाखविल्यावाचून खेळणाऱ्याचे अडेल' हा प्रश्न प्रथम विचारावा. सतत लागणारी माहिती पडद्याच्या कडेला ठेवावी, क्वचित लागणारी मेनूत ठेवावी आणि शक्य ती माहिती खेळाच्या जगातच सामावून घ्यावी. 'डेड स्पेस' (२००८) या खेळात नायकाची शिल्लक शक्ती त्याच्या पाठीवरील प्रकाशपट्टीतून दिसते. 'राजी'मध्ये कथेचा काही भाग भित्तिचित्रांतून उलगडतो. अशा मांडणीमुळे पडदा मोकळा राहतो. मात्र महत्त्वाची माहिती केवळ रंगावर अवलंबून ठेवू नये. रंगांधळ्या व्यक्तींसाठी आकार किंवा चिन्हाची जोड द्यावी.

देवनागरीचे तांत्रिक प्रश्न

मराठी इंटरफेसची खरी कसोटी येथे लागते. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठविली जाते, परंतु ती दिसते व्यंजनाआधी. जोडाक्षरेही अनेक चिन्हांच्या संयोगाने सिद्ध होतात. ही जुळणी करणारी यंत्रणा गेम इंजिनमध्ये नसल्यास वेलांटी चुकीच्या जागी पडते व जोडाक्षरे फुटतात. शब्दांची चित्रे करून वापरणे हा तात्पुरता उपाय होय. परंतु प्रत्येक दुरुस्तीस नवे चित्र लागते आणि छोट्या गटाचे श्रम वाढतात. म्हणून इंजिनची निवड करण्यापूर्वीच 'शक्ती', 'किल्ला', 'पुढच्या', 'तऱ्हा' असे शब्द टाकून चाचणी घ्यावी. मोफत उपलब्ध असलेल्या गोडो इंजिनच्या चौथ्या आवृत्तीत (२०२३) अशी जुळणी होते. एक टाइप या संस्थेचे 'मुक्त' व 'बलू' हे फॉन्टही खुल्या परवान्याखाली मिळतात. शिरोरेषेच्या वर व अक्षराच्या खाली मात्रा, रफार, उकार येत असल्याने बटणाची उंची व ओळींतील अंतर रोमन लिपीपेक्षा अधिक ठेवावे लागते.

भाषेचे प्रश्न

इंग्रजी वाक्यांचा शब्दशः अनुवाद मराठीत टिकत नाही. 'तू जिंकलास' म्हटले तर खेळणारा मुलगाच आहे असे गृहीत धरले जाते आणि मुलीला 'तू जिंकलीस' हे वेगळे वाक्य लागते. 'तुम्ही जिंकलात' हे रूप दोघांनाही चालते. त्याचप्रमाणे '१ नाणे मिळाले' व '५ नाणी मिळाली' यांत नाम व क्रियापद दोन्ही बदलतात. केवळ आकडा बदलून भागत नाही. म्हणून सर्व वाक्ये संगणकीय आज्ञावलीत न लिहिता एका स्वतंत्र तक्त्यात ठेवावीत. 'सेटिंग्ज'सारखे रुळलेले शब्द तसेच ठेवावेत. अपरिचित पारिभाषिक शब्दाने खेळणारा अडखळतो.

चाचणी

प्रथम कागदावर पडदे काढून, बोटाने 'बटण दाबावयास' लावून चाचणी घेता येते. त्यास खर्च जवळजवळ नसतो. जेकब नील्सन यांच्या मते एका फेरीत सुमारे ५ व्यक्तींच्या निरीक्षणातून बहुतेक ठळक दोष उघड होतात. दोष दुरुस्त करून पुन्हा नव्या व्यक्तींसह फेरी घ्यावी. चाचणीच्या वेळी गटातील सदस्यांनी मदत न करता केवळ पाहावे; खेळणारा जेथे थांबतो तेथे दोष इंटरफेसचा असतो, त्याचा नव्हे.

निष्कर्ष

छोट्या गटाने माहिती मोजकी ठेवणे, लिपीची चाचणी आरंभीच घेणे, वाक्ये मराठीतच रचणे व वारंवार निरीक्षण करणे या चार गोष्टी पाळल्यास अल्प साधनांतही सुबोध इंटरफेस सिद्ध होतो. मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलास पडद्यावर आपली भाषा अशुद्ध व मोडकी दिसली, तर ती या माध्यमास योग्य नाही असा त्याचा समज होतो. तो दूर करणे अशा गटांच्या हाती आहे.