रस्ता आणि पट्टी : कमी खर्चातलं बिग-ब्लॉक इंजिन

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस इंजिनाबद्दल काय बोलणार? सांगतो. ॲरिस्टॉटलने शिकवलं की वस्तू समजून घ्यायची तर ती कशासाठी आहे, हे विचारावं लागतं. हा प्रश्न न विचारता पैसे खर्च केले की काय होतं, ते इंजिनात फार स्वच्छ दिसतं.

मसल कार ही अमेरिकेची गोष्ट. मध्यम आकाराची गाडी आणि तिच्यात मोठं व्ही-८ इंजिन. १९६४ ची पाँटिॲक जीटीओ ही साधारणपणे त्यांची सुरुवात मानतात. १९७० साली शेव्हरोलेने शेव्हेल गाडीत ४५४ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ७.४ लिटरचं इंजिन दिलं. अशा थोराड इंजिनांना बिग-ब्लॉक म्हणतात. 'स्ट्रीट अँड स्ट्रिप' म्हणजे एरवी रस्त्यावर चालवायची आणि सुट्टीला शर्यतीच्या पट्टीवर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ पळवायची गाडी.

आता अडचण बघा. रस्त्यावर इंजिन बहुतेक वेळ मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांवर फिरतं. पट्टीवर त्याच्याकडून पाच हजारांच्या पुढे ताकद हवी असते. दोन्हीकडे सर्वोत्तम असं एक इंजिन होत नाही. तडजोड करावीच लागते, आणि ती कुठे करायची हे आधी ठरवायचं असतं.

स्वस्तात सुरुवात कुठून? हेच ४५४ इंजिन शेव्हरोलेच्या पिकअप ट्रकांत आणि मोटरहोममध्येही अनेक वर्षं बसत होतं. तसं जुनं इंजिन मिळवायचं. पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होऊ नये, म्हणून पहिला खर्च तपासणीचा. ब्लॉकला तडा आहे का, सिलिंडर किती झिजलेत, हे मोजून घ्या. मूळ बोअर ४.२५ इंच. झीज असेल तर ०.०३० इंचाने बोअर वाढवतात, म्हणजे ४.२८ इंच होतो आणि इंजिन ४६० घनइंचांचं बनतं.

बोअर वाढवला की पिस्टन नवे घ्यावेच लागतात. काटकसरीची खरी जागा ही. ट्रकच्या इंजिनात कॉम्प्रेशन कमी असतं, साधारण आठास एक. नवे पिस्टन घेतानाच ते नऊ-साडेनऊपर्यंत नेणारे निवडा. लोखंडी हेड असूनही तिकडच्या पंपावरच्या चांगल्या पेट्रोलवर हे बहुधा निभावतं. जो खर्च टळणारच नाही, त्यातच दुसरं काम करून घेतलं.

बरेच जण मात्र उलट करतात. जुन्या इंजिनात आधी मोठा कॅमशाफ्ट घालतात, कारण त्याचा आवाज भारी येतो! पण मोठा कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो. कमी फेऱ्यांवर पिस्टन वर येऊ लागला तरी व्हॉल्व्ह उघडाच, त्यामुळे आत आलेलं मिश्रण थोडं मागे ढकललं जातं. कॉम्प्रेशन आधीच कमी, ते आणखी घटतं. सिग्नलवरून निघताना गाडी मरगळते आणि व्हॅक्यूम कमी पडून पॉवर ब्रेकही कडक होतात. म्हणून कॉम्प्रेशन, गाडीचं वजन, मागच्या एक्सलचा गिअर हे ठरल्यावर कॅम निवडायचा. तो फ्लॅट-टॅपेट असेल तर झिंक असलेलं ऑइल घाला, आणि पहिली वीस-तीस मिनिटं इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या वर ठेवा. नाहीतर कॅम तिथेच झिजतो.

हेडचंही तसंच. शर्यतीच्या मोठ्या चौकोनी पोर्टांचा मोह होतो, पण रस्त्याच्या फेऱ्यांवर लंबगोल पोर्टांतून हवा जास्त वेगाने आत जाते आणि ते हेड स्वस्तही पडतात. मूळ क्रँकशाफ्ट तपासणीत चांगला निघाला, तर साडेपाच हजार फेऱ्यांच्या आतल्या इंजिनाला तो चालतो. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट मात्र नवेच घ्या, तिथे कंजूषी नको. आणि एक खाचखळगा लक्षात ठेवा. जुन्या ४५४ चं संतुलन बाहेरून केलेलं असतं, त्यामुळे पुढचा डॅम्पर आणि मागची फ्लेक्सप्लेट त्याच इंजिनाची लागते. ४२७ ची मिळाली म्हणून लावली, तर इंजिन थरथरून बेअरिंग खातं.

हे सगळं का सांगतो? गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं उघडी पडलेली इंजिनं पुष्कळदा एकेक भाग उत्तम असूनही अडतात, कारण ते भाग एकमेकांसाठी घेतलेले नसतात. एक ना धड, भाराभर चिंध्या. घरचे पैसे गेलेले असतात आणि गाडी हललेली नसते. म्हणून खरेदीआधी एका कागदावर लिहा : गाडी रस्त्यावर किती चालणार, पट्टीवर किती, आणि हातात एकूण रक्कम किती. त्यातून रेडिएटर, ब्रेक आणि टायरचे पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्यात इंजिन.

आणि ताकद आजमावायची ती पट्टीवरच. वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली, ती रस्त्यावरच्या शर्यती सुरक्षित जागी नेण्यासाठीच. तिथे गाडीची तपासणीही होते.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.