खोक्यावरचे वॉट आणि कानावरचा आवाज

गटाच्या पैशातून शेवया मशीन घ्यायचं असो नाहीतर शिलाई मशीन, आपण चार ठिकाणी भाव विचारतो, वापरून बघतो, मगच ठराव लिहितो. पण आवाजाच्या यंत्राची वेळ आली की म्हणतो, "ते पोरांना कळतं, त्यांनाच आणू द्या." आज तेच यंत्र आपण समजून घेणार आहोत. स्पीकर घरगुती आहेत, वीज जास्त खातात, आवाज कमी देतात आणि हातात पैसे मोजके आहेत. अशा वेळी स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर कसा निवडायचा?

आमच्या ग्रामसंघापुढे हाच प्रश्न होता. दर आठवड्याला आम्ही बैठकीच्या खोलीत रेडिओचा कार्यक्रम एकत्र ऐकतो. पुढच्या बायकांना सगळं ऐकू येतं, मागे बसणाऱ्या आत्या-मावश्यांना निम्मंच. ऐकू येईना म्हणून दोघी-तिघी यायच्याच बंद झाल्या. एका ताईच्या मुलाने त्याच्या शहरातल्या घरचे दोन लाकडी स्पीकर आम्हाला दिले. आता त्यांना जोडायला अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे रेडिओतून किंवा मोबाइलमधून येणारा बारीक आवाज स्पीकर हलवण्याइतका मोठा करणारं यंत्र. ग्रामसंघाने पाच हजारांची मर्यादा ठरवली.

सुरुवात स्पीकरपासून

दुकानात जायच्या आधी स्पीकर पालथा करून मागची पट्टी वाचायची. तिथे साधारण तीन आकडे असतात: वॉट, ओहम आणि डेसिबल, म्हणजे डीबी. वॉट म्हणजे तो स्पीकर किती ताकद सोसू शकतो. तो किती आवाज देतो, हे त्यावरून कळत नाही. ते कळतं डीबीच्या आकड्यावरून. त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. एक वॉट ताकद दिली तर एक मीटरवर किती आवाज येईल, हे तो आकडा सांगतो.

दोन म्हशी आहेत असं समजा. दोघींना सारखीच पेंड घातली, पण एक सहा लिटर दूध देते आणि दुसरी दोन. स्पीकरचं तसंच आहे. पेंड म्हणजे वॉट, दूध म्हणजे आवाज. आमच्या स्पीकरवर लिहिलं होतं 84 डीबी, 8 ओहम. म्हणजे आमची म्हैस खादाड निघाली.

खादाड म्हणजे वाईट नव्हे. लहान खोक्यातून पखवाजाचा, तबल्याच्या डग्ग्याचा भरदार आवाज काढायचा असेल, तर बनवणाऱ्याला हा आकडा कमी ठेवावाच लागतो. खोका लहान, खालचा सूर भरदार आणि खाणं कमी, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत.

तीन डीबीचा हिशोब

आवाज 3 डीबीने वाढवायचा तर वॉट दुप्पट लागतात. 6 डीबीने वाढवायचा तर चौपट, 10 डीबीने वाढवायचा तर दहापट. आता हा हिशोब बघा. 90 डीबीच्या स्पीकरला जेवढ्या आवाजासाठी 5 वॉट पुरतात, तेवढ्याच आवाजासाठी 87 डीबीच्या स्पीकरला 10 वॉट लागतात, 84 डीबीच्या स्पीकरला 20 आणि 81 डीबीच्या स्पीकरला 40.

याची उलटी बाजूही ध्यानात ठेवा. वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. 3 डीबीची वाढ कानाला "थोडा वाढला" एवढीच वाटते. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डीबी, म्हणजे दहापट वॉट लागतात. म्हणून दुकानदार म्हणाला, "ताई, 30 ऐवजी 60 वॉटचा घ्या, दुप्पट वाजेल," तर मनात म्हणायचं, पैसे दुप्पट जातील, आवाज थोडाच वाढेल.

चटई सरकवायला पैसे लागत नाहीत

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डीबीने उतरतो. बंद खोलीत भिंतींमुळे थोडा कमी उतरतो. म्हणजे चार मीटरवर बसलेली मावशी दोन मीटरवर आली, तर अ‍ॅम्प्लिफायर बराच मोठा केल्यासारखंच झालं, आणि तेही फुकटात.

म्हणून यंत्राआधी आम्ही बसायची पद्धत बदलली. स्पीकर लांबट खोलीच्या टोकाला न ठेवता लांब भिंतीच्या बाजूला, दोन स्टुलांवर ठेवले. पुढच्या बायकांच्या डोक्यावरून आवाज मागे जाईल एवढी उंची ठेवली आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्यांची जागा पुढे केली. तुम्हीही आधी हेच करून बघा. कदाचित हाताशी असलेलं लहान यंत्रच पुरेल.

आपल्याला किती हवं?

नुसतं बोलणं ऐकायचं असेल तर खरोखर फार लागत नाही. आमच्या खोलीत सगळ्यात मागची ओळ चार मीटरवर असते. तिथे बोलणं नीट कळायला प्रत्येक स्पीकरला सरासरी एक-दोन वॉट पुरतात. पण कार्यक्रमात भजन असतं, भारूड असतं. गाण्यात ढोलकीची एखादी थाप सरासरी आवाजापेक्षा 10 डीबीने सहज वर उसळते, म्हणजे त्या क्षणापुरते दहापट वॉट लागतात. म्हणून आम्ही ठरवलं, दर स्पीकरला 8 ओहमवर खरे 20 ते 30 वॉट हवेत. त्याहून जास्तीसाठी पैसे मोजायचे नाहीत.

ताकद कमी पडली तर काय होतं, तेही सांगतो. लहान यंत्राचं बटण शेवटपर्यंत पिळलं की त्याची ताकद संपते आणि ते आवाजाच्या लाटेचा वरचा भाग छाटून टाकतं. मग आवाज फाटतो. असा फाटका आवाज वाजत राहिला तर स्पीकरमधला बारीक सुराचा छोटा भाग, म्हणजे ट्वीटर, जळू शकतो. म्हणजे मोठ्याच नव्हे, लहान यंत्रानेही स्पीकर जळतो. आवाज फाटला की लगेच बटण मागे घ्यायचं, हा नियम खोलीत लिहूनच ठेवा.

खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका

खोक्यावर कुठे "पीएमपीओ 2000 वॉट" असतं, कुठे "100 अधिक 100 वॉट". पीएमपीओ हा आकडा विसरून जा. तो मोजायची एकच ठरलेली रीत नाही, ज्याला जो वाटेल तो आकडा छापतो. विचारायचं एवढंच: "आरएमएस किती? किती ओहमवर?" आरएमएस म्हणजे यंत्र सतत देऊ शकेल अशी ताकद. 4 ओहमवर 50 वॉट देणारं यंत्र 8 ओहमवर साधारण निम्मीच ताकद देतं, म्हणून ओहम विचारल्याशिवाय वॉटला अर्थ नाही.

उत्तर मिळालं नाही तर अ‍ॅडॉप्टर हातात घ्या. आजकालचे लहान, कमी तापणारे क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर लॅपटॉपसारख्या अ‍ॅडॉप्टरवर चालतात. अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करा. 12 व्होल्ट, 2 अँपिअर असेल तर झाले 24 वॉट, तेही दोन्ही स्पीकर मिळून. जात्यात पसाभर दाणे टाकून पायलीभर पीठ निघत नाही. मग 24 वॉटच्या अ‍ॅडॉप्टरमधून 200 वॉट कुठून येणार?

दुसरा हिशोब व्होल्टचा. व्होल्टला व्होल्टने गुणायचं आणि आलेल्या आकड्याला ओहमच्या दुपटीने भागायचं. 12 गुणिले 12 म्हणजे 144, भागिले 16, उत्तर 9. अशा बहुतेक यंत्रांची 12 व्होल्टवर, 8 ओहमच्या एका स्पीकरसाठी स्वच्छ आवाजाची मर्यादा एवढीच असते. 24 व्होल्ट असतील तर 576 भागिले 16, म्हणजे 36. प्रत्यक्षात त्याहून थोडं कमीच मिळतं. आम्हाला हवे होते 20 ते 30, म्हणून आम्ही 24 व्होल्ट, 5 अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर असलेलं यंत्र मागितलं. अ‍ॅडॉप्टर आणि तारा धरून हिशोब पाच हजारांच्या आत बसला.

दुकानात काय बघायचं?

आपले स्पीकर बरोबर न्या. दुकानातल्या स्पीकरवर कोणतंही यंत्र छान वाजतं. आम्ही तिघी गेलो, एक स्पीकर पिशवीत आणि रेडिओचा जुना कार्यक्रम मोबाइलमध्ये. आधी बोलणं लावा. बाईचा आवाज, "श" आणि "स" स्वच्छ येतात का बघा. मग भजन लावा आणि बटण वाढवा. पंधरा मिनिटं वाजू द्या आणि यंत्राला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल, चटका बसत असेल तर नको. गाणं बंद करून बटण अर्ध्यावर ठेवा आणि स्पीकरला कान लावा. मोठी घरघर येत असेल तर दुसरं दाखवायला सांगा.

जुना अ‍ॅम्प्लिफायर स्वस्तात मिळत असेल तर तोही चांगला पर्याय आहे. मात्र बटण फिरवताना खरखर येते का, दोन्ही बाजू सारख्या वाजतात का, तारांची टोकं घट्ट बसतात का, हे बघा. जवळपास दुरुस्त करणारा कोणी आहे का, हेही आधी विचारा. दुरुस्तीचा खर्च मिळवूनच किंमत धरा.

माईक जोडायचा असेल तर ते दुकानातच बोला. घरगुती अ‍ॅम्प्लिफायरला बहुधा माईकची जागा नसते, आणि ऑक्सच्या भोकात साधा माईक खुपसला तर आवाज अगदी बारीक येतो.

मंडपवाल्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरवर 100 व्होल्ट किंवा 70 व्होल्ट लिहिलेले खिळे असतात. तिथे घरगुती स्पीकर कधीही जोडू नका, जळेल. 4, 8, 16 ओहम असं लिहिलेल्या खिळ्यांपैकी आपल्या स्पीकरच्या आकड्याचाच घ्या. तारा जोडताना प्लग काढलेला असू द्या. यंत्राला हवा लागेल अशी जागा द्या, आणि विजा चमकायला लागल्या की प्लग काढून ठेवा.

एवढं मात्र त्यातून होणार नाही

पटांगणातल्या मेळाव्यासाठी हे स्पीकर नाहीत, मग अ‍ॅम्प्लिफायर कितीही महाग घ्या. भोंग्याची सेन्सिटिव्हिटी 104 डीबीच्या आसपास असू शकते. आमच्या स्पीकरपेक्षा 20 डीबी जास्त, म्हणजे भोंगा एका वॉटमध्ये जेवढं ओरडतो तेवढ्यासाठी आमच्या स्पीकरला 100 वॉट लागतील. मेळाव्याला भोंगा भाड्याने आणा. भोंग्यावर भजन गोड लागत नाही, ते खोलीत आपल्या स्पीकरवरच ऐकावं.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटात हा विषय निघाला तर वहीत पाच ओळी लिहून न्या: आपला स्पीकर किती डीबीचा, किती ओहमचा, शेवटची बाई किती अंतरावर बसते, यंत्राचे आरएमएस वॉट किती आणि अ‍ॅडॉप्टर किती व्होल्ट-अँपिअरचा. पक्कं बिल आणि वॉरंटीचा कागद घेऊन ठरावाच्या वहीत चिकटवा. आणि यंत्र घरी आलं की पहिल्या दिवशी बटण कुणाला तरी धरायला सांगा, तुम्ही स्वतः शेवटच्या ओळीत जाऊन बसा. तिथे बोललेला शब्द न् शब्द कळला, की खरेदी बरोबर झाली.