चांदणी पेटत नसेल तर



नाताळ जवळ आला की उत्तनपासून भाईंदरपर्यंत दारोदारी गोठे सजतात, चांदण्या लागतात. गेल्या वर्षी काशिमिऱ्याजवळच्या पाड्यांवरील चार मुलांनी आमच्या वर्गात रंग बदलणारी चांदणी तयार केली. तीन मीटरची एलईडी पट्टी, मीटरला ६० असे १८० दिवे आणि एक ईएसपी-३२ मायक्रोकंट्रोलर. पट्टीचे पैसे त्यांनी सुट्टीतल्या मजुरीतून घातले होते. बटण दाबले, पहिले चार-पाच दिवे भलत्याच रंगांत लुकलुकले, पुढे सगळा अंधार. "दादा, पट्टीच खराब निघाली," मुले म्हणाली. ती फेकणार, इतक्यात आम्ही क्रमाने तपासायला बसलो. तो क्रम तुमच्याही कामी येईल.

साध्या माळेत सगळे दिवे एकदम पेटतात. या पट्टीत (डब्ल्यूएस-२८१२बी जातीच्या) प्रत्येक दिव्यात एक चिप असते. मायक्रोकंट्रोलर एकाच तारेतून प्रत्येक दिव्यासाठी २४ बिटांचा निरोप पाठवतो. पहिला दिवा आपला भाग ठेवून बाकीचा पुढच्याला देतो. म्हणून दोष कुठे आहे, ते पट्टीच सांगते.

काहीच पेटत नसेल तर पट्टीवरचा बाण पाहा. तार बाण जिथून निघतो त्या टोकाला, म्हणजे 'डीआय' लिहिलेल्या बाजूला हवी. उलट टोकाला जोडली तर निरोप पोहोचतच नाही. प्रोग्राममधला पिन क्रमांकही पडताळा.

दिवे वेडेवाकडे लुकलुकत असतील तर ग्राउंड बघा. अडॅप्टर, पट्टी आणि मायक्रोकंट्रोलर या तिघांचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले हवे. नाहीतर निरोप कशाच्या तुलनेत मोजायचा हे चिपला कळत नाही. दुसरे कारण म्हणजे ईएसपी-३२ चा निरोप ३.३ व्होल्टचा असतो आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या पट्टीला साधारण ३.५ व्होल्ट लागतात. त्यामुळे कधी चालते, कधी नाही. मध्ये लेव्हल शिफ्टर लावावा आणि डेटाची तार आखूड ठेवावी.

शेवटचे दिवे पिवळट-लालसर दिसत असतील तर वीज अपुरी पडते आहे. निळ्या आणि हिरव्या दिव्याला लालपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून आधी तेच मंदावतात. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. १८० दिव्यांचे जवळजवळ ११ अँपिअर होतात. मोबाइलचा चार्जर इथे पुरत नाही. पुरेसा अडॅप्टर घ्या, पट्टीला दोन्ही टोकांकडून वीज द्या किंवा प्रोग्राममध्ये उजेड कमी करा.

एका दिव्यापुढे सगळे बंद असतील तर दोष शेवटच्या चालू दिव्यात, पहिल्या बंद दिव्यात किंवा त्यांच्यामधल्या सांध्यात असतो. तेवढाच तुकडा खुणेच्या रेषेवर कापून नवा सोल्डर करा. लालऐवजी हिरवा रंग येत असेल तर पट्टी ठीक आहे. प्रोग्राममधला रंगांचा क्रम बदला.

जोडणी बदलण्यापूर्वी वीज बंद करा. अडॅप्टरच्या २३० व्होल्टच्या बाजूला मुलांनी हात लावू नये, ते काम जाणत्या माणसाचे.

आमच्या चांदणीत काय निघाले? ग्राउंडची एक तार जोडायची राहिली होती. वीतभर तारेने चांदणी उजळली आणि मुलांची मजुरी वाचली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नंतर शेजारच्या दोन घरांच्या बंद पट्ट्या त्यांनी स्वतःच दुरुस्त केल्या आणि कामाचे पैसे घेतले.

तुमच्या घरी पडून असलेला मल्टीमीटर किंवा सोल्डरिंग आयर्न असेल तर या वर्गासाठी जरूर द्या. बंद पडलेली पट्टीही चालेल. मुलांना शिकायला तीच जास्त उपयोगी.